ब्रेक लाइट बदलली आणि गाडी पासिंगला अडकली: कायदा, कारणं आणि दुरुस्ती

तक्रार साधारण अशी असते. गाडीला बाजारातली नवी टेल लाइट बसवली, किंवा जुन्याच काचेत बल्ब काढून एलईडी टाकला. काही महिने कुणी काही बोललं नाही. मग नाशिकच्या पेठ रोडला आरटीओत पासिंगला नेली तर 'मागचे दिवे मूळचे लावून आणा' म्हणून परत पाठवली. खासगी गाडी असेल तर मुंबई नाक्याला किंवा द्वारकेला पोलिसांनी बाजूला घेतली. मालकाने मूळचे दिवे लावून काम उरकलं, घरी येऊन पुन्हा एलईडी चढवला, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच. मधल्या काळात कधी फ्यूज उडतो, कधी ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, कधी सकाळी बॅटरी बसलेली असते.

ही वेगवेगळी दुखणी समजून प्रत्येकावर वेगळा इलाज केला जातो, म्हणून ती परत येतात. ब्रेक लाइट मंजूर होते ती काच, रिफ्लेक्टर (बल्बमागची चकचकीत वाटी), होल्डर आणि बल्ब असा अख्खा संच म्हणून. त्यातला एक तुकडा बदलला की कायद्याची बाजूही लंगडी पडते आणि उजेडाचं गणितही चुकतं. तपासणीचा क्रम त्यामुळे ठरलेला ठेवावा: आधी काचेवरची खूण, मग ब्रेक आणि टेल यांच्या उजेडातला फरक, मग अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी पत्र्याची जोडणी), आणि शेवटी खटका (ब्रेक पेडलजवळचा स्विच). गॅरेजमध्ये बहुधा याच्या उलट्या दिशेने सुरुवात होते.

कायद्यात काय आहे

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०२ सिग्नल आणि स्टॉप लाइटबद्दल आहे. ब्रेक दाबला की गाडीच्या मागे लाल रंगाचा विजेचा दिवा लागलाच पाहिजे, हा त्याचा गाभा. नियम १०५ मध्ये टेल लाइट येते: मागचा लाल दिवा १५५ मीटरवरून दिसला पाहिजे आणि मागची नंबर प्लेट पांढऱ्या उजेडात १५ मीटरवरून वाचता आली पाहिजे. नियम १०८ रंगाचा. गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा उजेड नको; रिव्हर्सचा पांढरा, इंडिकेटरचा पिवळा आणि नंबर प्लेटचा दिवा यांना तेवढी सूट. निळ्या, जांभळ्या किंवा रंग बदलणाऱ्या पट्ट्या मागे लावल्या तर वाद घालायला जागाच उरत नाही.

नियम १२४ खाली गाडीचे सुटे भाग एआयएस (ऑटोमोटिव्ह इंडस्ट्री स्टँडर्ड) मानकांना धरून असावे लागतात. चारचाकी आणि त्यावरच्या गाड्यांत दिवे कुठे आणि कसे बसवायचे हे एआयएस-००८ मध्ये आहे, दुचाकी-तीनचाकीसाठी एआयएस-००९. दिव्याची स्वतःची कामगिरी एआयएस-०१२ आणि एआयएस-०१० मध्ये, बल्ब एआयएस-०३४ मध्ये. सगळं पाठ करायची गरज नाही, पण दुकानदार 'एआयएस पास आहे साहेब' म्हणाला तर कुठलं, एवढं विचारता यावं.

आता फेरफाराचा भाग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलापासून गाडी हटेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही असं लिहिलंय. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. स्मोक केलेली काच, लुकलुकणारा ब्रेक आणि काढून टाकलेला रिफ्लेक्टर असे तीन बदल एकाच गाडीवर मोजता येतात. रस्ता सुरक्षेच्या मानकांचा भंग म्हणून कलम १९०(२) लावलं तर पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्सवर गदा. नुसता बल्ब गेलेला असेल तर साधारणपणे कलम १७७: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढे १,५००.

मग बाजारातला दिवा बसवायचाच नाही का? बसवा. फुटलेल्या दिव्याच्या जागी त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा, त्याच जातीचा मंजूर दिवा लावणं ही दुरुस्ती झाली, फेरफार नव्हे. तो गाडीच्या कंपनीच्या डब्यातूनच आला पाहिजे असंही नाही. लुमॅक्स, उनो मिंडा, फिएम यांसारखे निर्माते गाडी कंपन्यांना दिवे पुरवतात आणि सुट्या बाजारातही विकतात. अडचण सुरू होते ती जात बदलली की: बल्बच्या जागी एलईडी, लाल काचेच्या जागी काळी, स्थिर उजेडाच्या जागी लुकलुकता.

पहिली पायरी: काच वाचा

खोका बाजूला ठेवा. खोके छापायला काय लागतं? खूण काचेवर साच्यातून उठलेली असते. नखाने घासली तर लागते आणि स्टिकरसारखी निघत नाही. भारतात मंजुरी घेतलेल्या भागावर निर्मात्याचं नाव आणि टीएसी, म्हणजे मंजुरी प्रमाणपत्राचा क्रमांक सापडतो. निर्यातीच्या मालावर वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा आकडा असतो. १ म्हणजे जर्मनी, ४ म्हणजे नेदरलँड्स. पुण्याची एआरएआय आणि सीआयआरटी, मानेसरची आयकॅट या आपल्याकडच्या तपासणी संस्था आहेत.

त्या खुणेभोवतीची बारीक अक्षरं जास्त कामाची. इंग्रजी आर म्हणजे टेल, एस१ किंवा एस२ म्हणजे ब्रेक, एस३ म्हणजे मागच्या काचेवरचा तिसरा ब्रेक दिवा, २ए म्हणजे मागचा इंडिकेटर, एफ म्हणजे मागचा फॉग, एआर म्हणजे रिव्हर्स आणि आयए म्हणजे मागून येणाऱ्या गाडीचा उजेड परत फेकणारा लाल रिफ्लेक्टर. दिव्यात ब्रेक आहे असं विकणारा सांगतो, पण काचेवर एस नावालाही नाही, तर तो दिवा ब्रेक म्हणून कुठेच तपासलेला नाही. आयए नसेल तर रिफ्लेक्टर वेगळा लावावा लागेल, कारण नियम १०४ रिफ्लेक्टर मागतो. पासिंगला अडकणाऱ्या 'क्लिअर' काचांमध्ये हा रिफ्लेक्टरच गायब असतो आणि मालक दिव्याच्या उजेडावरून हुज्जत घालत बसतो.

ई खूण असली म्हणजे झालं, असंही नाही. खूण दिव्याची असते. तो दिवा तुमच्या गाडीवर योग्य जागी, योग्य उंचीवर बसला पाहिजे. चारचाकीच्या आंतरराष्ट्रीय मानकात ब्रेक लाइट जमिनीपासून ३५० मिलिमीटर ते १,५०० मिलिमीटर उंचीत लागते; गाडीचा आकारच तसा असेल तर वरची मर्यादा २,१०० पर्यंत जाते. दोन दिव्यांत किमान ६०० मिलिमीटर अंतर, आणि डावी-उजवीकडे ४५ अंशांतून दिवा दिसला पाहिजे. मागे सायकल कॅरिअर, शिडी किंवा जाड गार्ड लावून निम्मी काच झाकणाऱ्यांनी ही ४५ अंशांची अट लक्षात घ्यावी. दिवा मूळचा, बल्ब मूळचा, तरी गाडी नापास, याचं कारण कित्येकदा हा लोखंडी गार्ड असतो.

ब्रेक आणि टेल यात फरकच दिसत नाही

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडकतात आणि धोकाही इथेच मोठा आहे. दिवसा ब्रेक दाबला की दिवा छान लागतो. रात्री टेल चालू असताना दाबला तर मागच्याला काही बदल झाल्याचं कळत नाही. कसाऱ्याच्या घाटात पावसाळ्यातल्या धुक्यात मागच्या ट्रकवाल्याला तुमच्या गाडीकडून मिळणारी खबर एवढीच असते.

आकडे असे आहेत: चारचाकीच्या टेल लाइटला किमान ४ कॅन्डेला (उजेडाच्या तीव्रतेचं एकक) उजेड लागतो, एस१ वर्गाच्या ब्रेक लाइटला किमान ६०. दोन्ही एकाच काचेत असतील तर ब्रेकचा उजेड टेलच्या किमान पाचपट हवा. मूळच्या दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये, म्हणजे पी२१/५डब्ल्यू मध्ये, हे आपोआप होतं: ५ वॅटची तार टेलची, २१ वॅटची ब्रेकची. स्वस्त एलईडीत तेच दाणे दोन्ही कामांना वापरतात आणि टेलच्या वायरीत एक रेझिस्टर घालून उजेड कमी करतात. तो रेझिस्टर छोटा घातला की टेलच इतकी झगझगीत होते की ब्रेकला वाढायला वाव राहत नाही. गिऱ्हाइकाला दुकानात ती झगझगीत टेलच आवडते, हा त्यातला खरा घोळ.

फरक घरी मोजता येतो. रात्री गाडी भिंतीपासून दूर उभी करा, इंजिन चालू ठेवा. मोबाइलमधलं लक्स, म्हणजे पडणारा उजेड मोजणारं ॲप उघडून फोन काचेसमोर बरोबर एक मीटरवर, दिव्याच्या उंचीला, स्टुलावर टेकवा. सगळे दिवे बंद असताना आकडा घ्या, मग नुसती टेल, मग टेल अधिक ब्रेक. पहिला आकडा पुढच्या दोन्हींतून वजा करा आणि भागाकार करा. मोबाइल अचूक लक्स सांगत नाही, पण फोन तोच, जागा तीच, रंग तोच असल्याने गुणोत्तर पुरेसं खरं येतं. पाचाच्या खाली आलं तर दिवा काढा. चार-साडेचार आला तरी 'जवळपास आहे' म्हणू नका. काचेवर धूळ-चिखल बसला की डोळ्याला तो फरकही जाणवेनासा होतो.

कारणं क्रमाने पडताळा.

वायरी उलट्या लागल्यात का? एलईडी पट्टीला तीन वायरी असतात: एक अर्थ, एक टेल, एक ब्रेक. रंगांवर विश्वास नको, प्रत्येक लोकल मालाचा रंग वेगळा. पट्टी सुटी करून अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हला धरा आणि उरलेल्या दोन वायरी आळीपाळीने १२ व्होल्टला लावा. जास्त उजेड देणारी ब्रेकची.

दोन फिलामेंटचा बल्ब होल्डरमध्ये उलटा कोंबलाय का? या बल्बच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, उलटा बसूच नये म्हणून. होल्डर गंजून ढिला झाला की जोर लावून उलटाही बसतो. मग टेलच्या खटक्यावर २१ वॅट आणि ब्रेकवर ५ वॅट. बल्ब काढा, पिनांची उंची बघा, होल्डरच्या खाचा बघा. खाच रुंदावली असेल तर होल्डरच बदला.

लाल काचेमागे पांढरा एलईडी आहे का? पांढऱ्या एलईडीचा उजेड निळा आणि पिवळा मिळून बनतो, लाल त्यात थोडाच. लाल काच बाकीचं अडवते आणि बाहेर फिकट गुलाबी, मलूल उजेड येतो. तारेच्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असतं, म्हणून त्याला लाल काच चालते. 'पण माझा एलईडी तर जास्त वॅटचा' हा युक्तिवाद इथे लागू होत नाही.

दाण्यांची जागा चुकलीय का? मूळच्या बल्बची तार रिफ्लेक्टरच्या ठरावीक बिंदूवर असते. एलईडी बल्बचे दाणे त्याच्या पुढे-मागे किंवा फक्त समोर तोंड करून असतात, म्हणून मधोमध एक ठिपका पेटतो आणि बाजूने दिवा मेल्यासारखा दिसतो. गाडीच्या कोपऱ्याकडे ४५ अंशांवर उभं राहून बघितलं की लगेच कळतं.

काही इलेक्ट्रिशियन टेलच्या वायरीत आणखी एक रेझिस्टर घालून फरक वाढवून देतात. डोळ्याला फरक पडतो. पण त्याने टेल ४ कॅन्डेलाच्या खाली गेली तर एक दोष काढून दुसरा घातला असं होतं, आणि काचेवरची खूण तर तरीही येत नाही. त्या जुगाडाला पैसे देऊ नका. मूळ बल्बवर या, किंवा कंपनीने ज्या मॉडेलला एलईडी दिवा दिला असेल तिथे अख्खा मंजूर संच घ्या.

काळी फिल्म आणि स्मोकचा स्प्रे यांना चाचणीचीही गरज नाही. काढा. फिल्म हेअर ड्रायरने कोमट करून कोपऱ्यातून सोला. स्प्रे असेल तर पॉलिश पेपर घेऊन काचेशी झुंजण्यापेक्षा काच बदललेली बरी. घासून धूसर झालेली काच उजेड पसरवते आणि वरची उठावदार खूणही घासली जाते.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा टेल विझते

हा अर्थचा दोष, बल्बचा नव्हे. एका बाजूच्या सगळ्या दिव्यांचा अर्थ बहुधा एकाच वायरीतून पत्र्याला जातो. तो बोल्ट गंजला की ब्रेकचा करंट परतीची वाट शोधत दुसऱ्या बल्बच्या तारेतून जातो, आणि जे दिवे लागायला नकोत ते अर्धवट पेटतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात रोज ये-जा करणाऱ्या गाड्यांत आणि डिकीत ओला माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये हे नेहमीचं.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं होल्डरच्या अर्थ वायरीला. मदतनीसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबलेला असतानाच वाचा, कारण भार नसताना सडका अर्थही ठणठणीत दिसतो. ०.१ ते ०.२ व्होल्ट चालेल. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर बोल्ट सोडा, पत्रा लखलखीत होईपर्यंत घासा, वायरीच्या टोकाला नवी रिंग लग (बोल्टखाली बसणारी गोल कडी) दाबून लावा, घट्ट करा आणि वर ग्रीसचा हलका हात फिरवा. रंगावर अर्थ लावणं म्हणजे न लावणंच.

अगदी उलटं लक्षण म्हणजे ब्रेक दाबल्यावर टेल आणि डॅशबोर्डचे दिवे लागतात. दोन फिलामेंटच्या बल्बमधली एक तार तुटून दुसरीवर पडली की ब्रेकचा करंट टेलच्या वायरीत शिरतो. बल्ब उजेडात धरून बघा. तुटलेली तार दिसते. वीस-तीस रुपयांच्या बल्बपायी लोक अख्खं वायरिंग उकलायला लावतात.

ब्रेक लाइट बंदच होत नाही, सकाळी बॅटरी बसते

पेडलपाशी वाकून बघा. ब्रेकचा खटका पेडल मोकळं असताना दाबलेला राहतो, आणि तो दाबणारा प्लॅस्टिकचा किंवा रबरचा छोटा तुकडा पेडलच्या पट्टीला असतो. उन्हातान्हाने तो ठिसूळ होऊन पडतो. पायपुसणीवर त्याचा चुरा सापडला की निदान झालं. मग खटक्याचा दांडा त्या भोकातून आरपार जातो आणि गाडीला वाटतं की ब्रेक दाबलेलाच आहे. २१ वॅटचे दोन बल्ब मिळून साडेतीन अँपिअर ओढतात. ३५ अँपिअर-तासाची बॅटरी त्यात दहा तासांत रिकामी होते, आणि स्टार्टर फिरवण्याइतकी ताकद त्याच्या बरीच आधी संपते. तात्पुरता उपाय म्हणून योग्य मापाचा नटबोल्ट त्या भोकात घट्ट बसवून गाडी घरी नेता येते, पण नवा तुकडा लगेच आणा.

खटका पुढे-मागे सरकवायचा असेल तर लॉकनट सैल करा. पेडल जेमतेम हलताच, ब्रेक लागायच्या आत दिवा पेटला पाहिजे आणि सोडताच विझला पाहिजे. आपोआप समायोजित होणाऱ्या खटक्याला नट नसतो. तो काढून नवा बसवावा लागतो.

दुचाकीत दोन खटके असतात. पुढच्या लिव्हरचा छोटा मायक्रो स्विच पाणी आणि धूळ जाऊन अडकतो. मागच्या पायब्रेकचा खटका स्प्रिंगने ओढला जातो; तो जुळवताना त्याचं अंग धरून नट फिरवा. अंग फिरवलं तर आतल्या वायरी पिळून तुटतात, आणि मग पुढचा ब्रेक दाबला तर दिवा लागतो, मागचा दाबला तर नाही, असा अर्धा दोष महिनोन्महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

एलईडी लावल्यावर डॅशबोर्डवर इशारा, किंवा दिवा मंद जळत राहतो

ज्या गाड्या बल्ब शाबूत आहे का ते स्वतः तपासतात त्यांना २१ वॅट अपेक्षित असतात. तिथे ३ वॅटचा एलईडी दिसला की गाडी बल्ब गेला असं समजते. तपासणीसाठी सोडलेला बारीकसा करंट तारेला पेटवू शकत नाही, एलईडीला मात्र पुरतो. म्हणून तो बंद असतानाही मिणमिणतो. यावर बाजारात सोनेरी अंगाचे रेझिस्टर विकतात. साडेतेरा व्होल्टला १० ओहमचा रेझिस्टर १८ वॅट जाळतो, ६ ओहमचा ३० वॅट. सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून दोन-तीन मिनिटं उभं राहिलं की तो हात लावता येणार नाही इतका तापतो. प्लॅस्टिकच्या बंपरला टायने बांधला तर प्लॅस्टिक वितळतं, वायरीवर बांधला तर इन्सुलेशन. लावायचाच तर उघड्या पत्र्यावर स्क्रूने. पण वीज वाचवायला एलईडी घ्यायचा आणि वाचलेली वीज रेझिस्टरमध्ये जाळायची, हा व्यवहार कुणी समजावून सांगावा.

वारंवार एलईडी जळत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघा. १३.५ ते १४.५ ठीक. दुचाकीत १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय. दिव्याला दोष देऊ नका.

लुकलुकणारा ब्रेक

ब्रेक दाबला की चार-पाच वेळा लुकलुकून मग स्थिर होणारं मॉड्यूल दुचाकीवाल्यांचं लाडकं. ब्रेक लाइट स्थिर असायला हवी. काही गाड्यांत कंपनीकडून आपत्कालीन थांब्याचा इशारा येतो, पण तो साधारण ५० किलोमीटरच्या वरच्या वेगात, जोरदार ब्रेक लागल्यावरच चालू होतो आणि गाडीच्या मंजुरीचा भाग असतो. गंगापूर रोडच्या गर्दीत प्रत्येक स्पर्शाला लुकलुकणारं मॉड्यूल त्यात बसत नाही. काढताना मधला तुकडा कापून नुसती टेप गुंडाळू नका. जोड सोल्डर करून स्लीव्ह चढवा, नाहीतर पुढच्या पावसात तोच जोड हिरवा पडतो.

मागचा फॉग लाइट ब्रेकला जोडून 'एक्स्ट्रा ब्रेक' करण्याची टूमही याच पंक्तीतली. मानकात मागचा फॉग आणि ब्रेक यांच्यात १०० मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर मागितलंय, ते दोन्ही एकमेकांसारखे वाटू नयेत म्हणूनच.

दुचाकीची कापलेली शेपटी

मागचं मडगार्ड कापून टेल टायडी (त्याऐवजी लावायची आखूड पट्टी) बसवली की एका फटक्यात तीन गोष्टी जातात: नंबर प्लेटचा पांढरा दिवा, रिफ्लेक्टर आणि प्लेटचा कोन. ब्रेक लाइट उत्तम असली तरी चलन या तिघांवर निघतं. मूळचं मडगार्ड फेकू नका, माळ्यावर ठेवा. जुन्या बाजारात ते सहज मिळत नाही.

पिकअप, छोटा हत्ती आणि ट्रॅक्टरची ट्रॉली

व्यापारी गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, म्हणून हा त्रास त्यांना सगळ्यात जास्त. इथे दोष बहुधा बॉडी बांधणाऱ्याच्या वायरिंगमध्ये असतो. मूळ वायर कापून, पीळ देऊन, टेप लावून चार-चार दिवे जोडलेले असतात. २१ वॅटचे चार बल्ब म्हणजे ७ अँपिअर. बारीक वायरीवर शेवटच्या दिव्यापर्यंत व्होल्टेज पोचत नाही आणि मूळचा १० अँपिअरचा फ्यूज कायम काठावर राहतो. फ्यूज मोठा टाकणं हा उपाय नव्हे, त्याने वायर जळते. जास्तीचे दिवे रिले लावून, बॅटरीवरून वेगळ्या फ्यूजची जाड वायर ओढून द्या. मूळ ब्रेकची वायर फक्त रिलेला चालू-बंद करेल. वारंवार फ्यूज उडत असेल तर आधी वायर पत्र्याच्या कडेला घासतेय का बघा. कारमध्ये डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी उघडून बघा.

निफाड, दिंडोरीहून पिंपळगाव बसवंतला माल नेणाऱ्या ट्रॉल्यांचं वेगळंच. कायद्याच्या कलम २(२८) मध्ये ट्रेलरही मोटार वाहनच आहे, म्हणून 'ट्रॅक्टरला दिवा आहे ना' हे उत्तर चालत नाही. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक दिवा, टेल आणि रिफ्लेक्टर लागतात. सात पिनांच्या १२ व्होल्ट सॉकेटच्या प्रमाणित जोडणीत ३ नंबरची पिन अर्थ, ६ ब्रेक, १ डावा इंडिकेटर, ४ उजवा, ५ आणि ७ टेल. गावोगाव ही जोडणी ज्याच्या त्याच्या मनाने केलेली असते, म्हणून ट्रॉली बदलली की ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लागतो. आपल्या घरच्या सगळ्या ट्रॉल्या एकदा या क्रमाने जोडून घ्या. अर्थसाठी हूक आणि पिनेच्या भरवशावर राहू नका. ते वंगणाने माखलेले असतात. ३ नंबरची वायर स्वतंत्र ओढा. आणि ऊस-कांद्याची गोणी दिव्यावर लोंबते तिथे चांगला दिवाही काही कामाचा नाही. दिवा पाटीच्या कडेला, लोखंडी जाळीच्या आत पण काच मोकळी दिसेल असा हवा.

पासिंगच्या आदल्या संध्याकाळी

काचा धुवा. एक माणूस गाडीमागे पंधरा पावलांवर, एक आत. नुसता ब्रेक, मग टेल अधिक ब्रेक, मग त्यावर डावा-उजवा इंडिकेटर, मग रिव्हर्स. प्रत्येक वेळी बाकीचे दिवे हलले-मिणमिणले का बघा. तिसरा ब्रेक दिवा गाडीला आला असेल तर तो लागलाच पाहिजे. त्यातले अर्धे दाणे गेलेले असतील तर संच बदला. नंबर प्लेट वाचता येते का ते पंधरा मीटरवरून बघा. दिवा नवा घेतला असेल तर पक्कं बिल गाडीत ठेवा, त्यावर भागाचा क्रमांक आणि गाडीचं मॉडेल लिहून घ्या. अधिकाऱ्याला शंका आली तर काचेवरची खूण आणि बिल या दोनच गोष्टी बोलतात.

चलन आलंच तर आधी त्यावरचं कलम बघा. १७७ असेल तर दोष दुरुस्त करून भरून टाका. १८२अ किंवा १९० असेल आणि दिवा खरोखर मंजूर जातीचा असेल तर काचेच्या खुणेचा जवळून फोटो, पूर्ण गाडीचा मागून फोटो आणि बिल घेऊन हरकत नोंदवा, किंवा प्रलंबित चलनांसाठी लोकअदालत भरते तेव्हा तिथे मांडा. फोटो दिवा काढायच्या आधी घ्या. काढून मूळचा लावल्यावर दाखवायला काही उरत नाही.